हिरड्याच्या पोत्यातली मूठ

मे महिन्यात भीमाशंकरच्या डोंगराकडे जाणारी माणसं देवाला तरी जातात, नाहीतर करवंदं खायला. मी गेलो होतो एका खेळण्याचे फोटो काढायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचं आहे त्यांचं हसून होईल आणि आपण पुढे निघू.

खेळणं म्हणजे रोबो. जपानात सत्तरच्या दशकात टीव्हीवर डोंगराएवढ्या लोखंडी रोबोंची कार्टून लागत. ती बघणारी मुलं मोठी झाली, कमावती झाली, आणि मग तिथल्या कंपन्यांनी त्यांच्यासाठी तेच रोबो नव्यानं, धातूत ओतून काढायला सुरुवात केली. उंची वीतभर, पण हातात घेतला की मनगटाला कळावं असं वजन. गुडघा वाकवला की आतले दाते टकटक वाजतात. मी ती कार्टून लहानपणी पाहिलीसुद्धा नव्हती. माझा मावसभाऊ ओसाकाला नोकरीला होता, त्यानं एकदा गंमत म्हणून एक आणून दिला आणि मी कामातून गेलो. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला माझ्याकडे असे नऊ झाले होते. पुण्यात मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवतो. दिवसभर लोकांच्या बारीक स्क्रूंशी झटापट केल्यावर संध्याकाळी मऊ फडक्यानं आपला एकेक रोबो पुसत बसण्यात मला जे सुख मिळायचं, ते घरात कुणाला समजावता आलं नाही. बायको एवढंच म्हणायची, "देव्हाऱ्यातले देवही कधीतरी असेच पुसत जा."

इंटरनेटवर आम्हा वेड्यांचा एक फोरम होता. तिथे आपापल्या रोबोचे फोटो टाकायची चढाओढ चाले. कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो घेतला आणि मागे खरा डोंगर असला, की वीतभर रोबो डोंगराच्या तोडीचा दिसतो. जपानी मंडळी त्यांच्या बर्फाच्या डोंगरांपुढे फोटो घेत. मला वाटायचं, आमच्या काळ्या कातळकड्यांना काय धाड भरली आहे?

डोंगरातली वाडी

आमच्या दुकानाच्या इमारतीचा वॉचमन दुंदा हा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेचा, अगदी वरच्या डोंगरातला. दर मे महिन्यात तो हिरड्यासाठी रजा टाकून गावी जाई. त्यानंच बोलावलं. "या की सायेब, कडा तर आमच्या दाराम्होरंच हाय." घोडेगावात तो मला घ्यायला आला होता. तिथून डोंगराकडे जाणारी एसटी, उजव्या हाताला डिंभे धरणाचं आटत आलेलं पाणी, आणि मग वळणावळणाचा चढ. खरोखरच दुंदाच्या दारातून कडा दिसत होता. उन्हात तापलेला, सरळ तुटलेला, मध्येच एखादं झुडूप धरून बसलेला. मी सॅक खाली ठेवायचंच विसरलो.

दुंदाची आई बायजाबाई अंगणात बसली होती. तिच्यापुढे काळ्या बाळहिरड्याचा ढीग होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, वाळलं की काळं आणि सुरकुतलेलं होतं, बोटाच्या पेराएवढं. औषधाला जातो. त्या डोंगरात भात आणि नाचणी पोटाला, आणि हातात पैसा येतो तो हिरड्याचा. रानातून गोळा करायचा, आठ-दहा दिवस उन्हात घालायचा, मग बसून निवडायचा. खडा, काडी, पान, किडका दाणा बाजूला. बायजाबाईचे हात निवडताना थांबत नसत आणि ती त्यांच्याकडे बघतही नसे.

"पावणं आलं," दुंदा म्हणाला, "आन त्यांचं भावलं बी आलंय."

तिनं हात पदराला पुसून पुढे केला. मी, खरं सांगतो, मन घट्ट करून रोबो तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो एकदाच वरखाली केला.

"पावशेराच्या वर हाय. पोकळ न्हाई आतून. भरीव हाय त्ये."

बरोबर होतं. मी घरी वजनकाट्यावर दोनदा पाहिलं होतं. तिनं परत दिल्यावर मी खिशातलं फडकं काढून रोबोच्या छातीवरचे ठसे पुसले. सवयच ती. तिनं ते पाहिलं.

"डाग पडला का रं बाबा?"

"नाही, नाही," मी म्हणालो आणि फडकं खिशात कोंबलं. कान तापले होते.

जेवायला नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि शेजारच्या घरून खास आणलेलं वाटीभर दही. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी वाढू का?' असं विचारतात, आणि पाहुणा नको म्हणतो. इथे विचारण्याची पद्धत नाही. ताटातली भाकरी अर्धी झाली की दुसरी येऊन पडते. मी हात आडवा धरला तर बायजाबाईनं तो बाजूला सारून भाकरी वाढली. इतका निवांत मी आईच्या हातचं जेवणसुद्धा जेवलो नव्हतो, हे आता लिहिताना जाणवतं.

मूठ

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असताना मी कामाला लागलो. कड्यापुढे रोबो उभा केला, पण पायाखालची जमीन फार साधी दिसत होती. मग नजर गेली ती हिरड्यावर. बायजाबाईनं आदल्या दिवशी निवडून झालेला माल गोणपाटावर पसरून ठेवला होता. शेवटचं एक ऊन द्यायचं आणि संध्याकाळी पोत्यांत भरायचा. कॅमेऱ्यातून पाहिलं तर ते काळं, खडबडीत रान युद्धात जळून गेलेल्या जमिनीसारखं दिसत होतं. मी आनंदानं वेडा झालो. रोबो हिरड्याच्या कडेला रोवला, गुडघा टेकवला, डावा हात पुढे केला.

आता या रोबोची खासियत म्हणजे त्याची मूठ. कार्टूनमध्ये तो शत्रूवर मनगटापासून मूठ फेकतो. खेळण्यातही कोपराजवळ बारीक बटण असतं, आत स्प्रिंग. मूठ जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढी, पण धातूची आणि काळपट निळी. फोटो काढताना माझं बोट बटणावर पडलं. सुंईकन आवाज आला आणि मूठ हिरड्यात गडप झाली.

मी गुडघ्यांवर बसून शोधलं. हलक्या हातानं शोधलं, कारण माल विस्कटला तर बोलणी बसतील. काळ्यात काळं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बायजाबाई पाण्याची कळशी घेऊन जाताना थांबली.

"काय हरावलं का?"

या वाक्यापाशी मी अजूनही अडखळतो. मी बेचाळीस वर्षांचा माणूस तिच्या निवडलेल्या मालात खेळण्याची मूठ उडवून बसलो, हे मला सांगवेना. "काही नाही, कॅमेऱ्याचं झाकण पडलं होतं. सापडलं," मी म्हणालो. ती गेली. दुपारी ती रानात गेल्यावर मी आणखी एकदा शोधलं, नाही मिळाली. संध्याकाळी मायलेकांनी पाट्या भरभरून माल तीन पोत्यांत ओतला. निवडलेल्या मालाला पुन्हा हात लावायचं कारणच नव्हतं. मी कड्याकडे तोंड करून बसलो होतो.

सकाळी वाडीतल्या लोकांचा माल घेऊन जीप घोडेगावला निघाली. मलाही तिकडूनच पुढे जायचं होतं. जागा नव्हती म्हणून दुंदानं मला मागे पोत्यांवर बसवलं. अख्खा घाट मी बायजाबाईच्या पोत्यावर बसून उतरलो आणि मनातल्या मनात त्या मुठीसाठी हळहळत होतो. बहुतेक ती माझ्या बुडाखालीच होती.

येडगाव

घोडेगावला मायलेकं हिरड्याच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि मी मंचर, नारायणगाव करत येडगावला पोचलो. तिथे संपत राहतो. संपतचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. आमच्या फोरमवरचा पुणे जिल्ह्यातला दुसरा वेडा तोच. नारायणगावच्या सायबर कॅफेत बसून तो मोडक्या इंग्रजीत जपान्यांशी वाद घालायचा. प्रत्यक्ष भेट पहिलीच. माझे रोबो काचेच्या कपाटात असतात. त्याचे दोन रोबो स्टार्टरच्या डब्यांमध्ये, तेलकट फळीवर उभे होते. त्यातला एक नेमका माझ्याचसारखा. अंगावर तांब्याच्या तारेची भुकटी.

"अरे, पुसत नाहीस?" मी म्हणालो.

"मोटार भरून झाली का चालू करून बघतो, तवा ह्ये दोगं हालत्यात राव! जित्ते वाटत्यात. पुसून काय करू?"

आम्ही त्याच्या स्कूटरवरून धरणावर गेलो. पाण्याच्या कडेला त्यानं आपला रोबो चक्क चिखलात गुडघाभर रोवला आणि माझ्या अंगावर काटा आला. फोटो मात्र माझ्यापेक्षा चांगला आला. मग मी मुठीचं सांगितलं. त्यानं आपल्या रोबोची डावी मूठ खेचून काढली, सदऱ्याला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या. तुमचा सेट पुरा पायजे. मला एक हात बी चालतो."

ज्यांनी असलं काही जमवलं नाही त्यांना याची किंमत कळायची नाही. मी ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. घरी त्याच्या बायकोनं मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि रस्सा असा की नाकाडोळ्यांतून पाणी. पुण्यात हॉटेलात मासवडी मागवतो ती खाऊन आपण मासवडी खाल्ली असं समजणाऱ्यांनी जुन्नर तालुक्यात एकदा जेवून यावं. तिसरी मासवडी घेत होतो तेवढ्यात शेजारच्या दुकानातला फोन वाजला. दुंदाकडे मी संपतचा नंबर देऊन ठेवला होता.

"सायेब, तुमच्या भावल्याची मूठ गेलीय का कुटं?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आईच्या पोत्यात घावली. काट्याव पोतं पालथं केलं तर टणकन वाजलं. मापाडी म्हनतो, वजन वाढवाया लोखंड घातलं. तिन्ही पोती बाजूला टाकल्यात. मी सांगतोय भावल्याची हाय, तर हसत्यात समदी."

"आई काय म्हणतात?"

"काय न्हाई म्हनत. जेवली न्हाई. हितंच पोत्याला टेकून बसलीया. सायेब, भावलं घिऊन या."

फोन ठेवला तेव्हा रश्श्याचा तिखटपणा कुठल्या कुठे गेला होता. संपतला सगळं सांगितलं, झाकणाची थापही सांगितली. तो हसला नाही. "हिरड्यात खोट निघाली का नुस्तं एका बाईचं न्हाई जात नाव," तो म्हणाला. "सबंद वाडीचं पोतं मग दरसाल पालथं करून बघत्यात. सकाळी उजाडताच निघू."

घोडेगाव

स्कूटरवर मी मागे आणि माझ्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला रोबो. 

व्यापाऱ्याच्या दुकानापुढे ताडपत्रीवर हिरड्याचे ढीग होते आणि डोंगरातल्या वाड्यांमधली पंचवीस-तीस माणसं आपापल्या पोत्यांशी बसली होती. कोपऱ्यात बायजाबाई. आदल्या दिवशीच्याच लुगड्यात, पाठ ताठ. मी जवळ गेलो तरी तिनं मान वर केली नाही.

मापाडी तात्या साठीचा, कानाला पेन्सिल. त्याच्या काट्यामागे एक पत्र्याची थाळी होती. पोत्यांत सापडलेल्या खोटी तो तिच्यात सगळ्यांना दिसतील अशा मांडून ठेवायचा. गोटे, एक गंजका नट, विटेचा तुकडा, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. आणि त्या ओळीत शेवटी माझी मूठ. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बायजाबाई, वरची वाडी.

मी फडकं सोडलं आणि रोबो काट्याच्या पत्र्यावर उभा केला. माणसं उठून जवळ आली. थाळीतली मूठ उचलून डाव्या मनगटात दाबली. टक्. बसली.

"आरं, खरंच की!" कुणीतरी म्हणालं.

तात्यानं चष्मा खाली ओढून पाहिलं. (नंबर बदलायला झाला होता, हे मला अशा वेळीही दिसलं.) "भावल्याची हाय, मान्य. पन पोत्यात गेली कशी? भंगार म्हनून कुनी तरी घातलीच असंल की."

"अशी गेली," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

मूठ सुंईकन उडून तात्याच्या मागच्या, अजून न निवडलेल्या ढिगात गडप झाली. सगळे हसले. तात्याही हसला आणि वाकून शोधायला लागला. दोन हमाल लागले. संपत लागला. तात्यानं मूठमूठ माल उचलून पाहिला, चाळण मागवली, चाळणीत हिरड्याबरोबर मूठही वरच राहणार हे लक्षात येऊन ती बाजूला ठेवली. हसू हळूहळू थांबलं. तीस वर्षं हिरडा तोलणाऱ्या माणसाला त्याच्या डोळ्यांदेखत पडलेली वस्तू सापडत नव्हती.

मग बायजाबाई उठली. ढिगाशी उकिडवी बसली आणि निवडायला लागली, ढिगाकडे न बघता. उजवा हात, डावा हात. थोड्या वेळानं डावा हात थांबला. तिनं मूठ काढून काट्यावर ठेवली.

"डोळ्याला न्हाई घावत. हाताला जड लागती," ती तात्याला म्हणाली. "निवडायच्या आदी पडली असती तर माझ्या हातातनं सुटली नसती. निवडल्यावं पडली. आन मला कुनी सांगितलं न्हाई."

मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर मी सांगितलं, "बाई मला विचारत होत्या काय हरवलं, मी खोटं बोललो. चूक माझी." एवढं बोलायला मला दोन दिवस आणि दोन तालुके लागले होते. तिला चिडायचा पूर्ण हक्क होता. ती म्हणाली, "काल जेवला का न्हाई?"

मी काय सांगणार, मासवड्या खात होतो म्हणून?

तात्यानं चिठ्ठी उचलून फाडायला घेतली आणि मूठ माझ्यापुढे केली. "घ्या पावणं, तुमची वस्तू."

"थांबा तात्या," बायजाबाई म्हणाली. "मूठ हितंच ठिवा. थाळीत."

"आता कशापायी?"

"काल चाळीस मानसांनी बघितलं. त्यातली निम्मी आपापल्या वाडीला गेली. त्यांला कोन सांगनार? पुडल्या बाजारला येतील, थाळी बघतील, मूठ नसंल तर म्हनतील, बायजानं कुनाच्या तरी पाया पडून उचलली. र्‍हाऊ द्या. फकस्त चिठ्ठी बदला. ज्याची हाय त्याचं नाव घाला."

दुंदा म्हणाला, "आई, सायबांचं भावलं थोटं व्हईल. लई जपत्यात त्ये."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं मागितलं नव्हतं, नुसती थांबली होती.  त्या मुठीसाठी मी दोन रात्री तळमळलो होतो. पण त्या घरात माझ्या ताटात न विचारता भाकरी पडत होती, आणि माझ्या थापेनं त्याच घराचं नाव गोट्या-विटांच्या ओळीत जाऊन बसलं होतं. "ठेवा," मी म्हणालो.

संपतची मूठ मी तिथेच त्याला परत दिली. त्याला वाईट वाटलं, पण समजलं. आज माझ्या काचेच्या कपाटात नऊ रोबो आहेत, त्यातला मधला थोटा आहे, आणि मी आता त्याच्यावरचे ठसे पुसत नाही. फोरमवर लोक हळहळले, एका जपानी गृहस्थानं जादा मूठ पाठवायची तयारी दाखवली. मी आभार मानून नको म्हणालो. इतक्या जणांनी इतकं दिलेलं असताना आणखी मागायचं तरी काय? दर मे महिन्यात मी वर वाडीला जातो, आणि जाताना घोडेगावला उतरून थाळी बघतो.

त्या दिवशी तात्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि मला नाव विचारलं. लिहिलं: श्रीकांत चष्मेवाले, पुणे. खेळताना उडाली.

"वाचा," बायजाबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

तात्यानं वाचलं.

"मोठ्यांदी. त्या मागच्यांला बी जाऊ द्या ऐकू."

तात्यानं पुन्हा वाचलं, या वेळी रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात. शेवटच्या दोन शब्दांना माणसं खो-खो हसली आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो. बायजाबाई हसली नाही. तिनं चिठ्ठी आपल्या हातानं मुठीखाली सरकवली, पदर खोचला आणि पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं.

"आता तोला," ती म्हणाली.